'गांधी' सिनेमातला इतिहास : तारखा चुकल्या ते जाऊद्या, माणसं कुठं गेली?

तिरका_डोळा :

२ ऑक्टोबर आला की कुठल्यातरी चॅनेलवर अ‍ॅटनबरोंचा 'गांधी' लागतोच, आत्तापर्यंत तुकड्यातुकड्यात बराच बघितला होता पण यंदा मोबाईल लांब ठेवून सलग बघितला. तीन तास अकरा मिनिटं. सिनेमा म्हणून आजही भारी आहे याबद्दल वादच नाही, बेन किंग्जलेबद्दल मी वेगळं काय सांगणार, आणि आपल्या रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा ज्या केल्यात त्याला तोड नाही. डॉ. लागू गोखल्यांच्या भूमिकेत आहेत हे तर मी विसरूनच गेलो होतो.

पण या वेळी बघताना शेजारी इतिहास उघडा ठेवल्यासारखं झालं, कारण मधल्या काळात 'सत्याचे प्रयोग' आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचं गांधींचंच पुस्तक अशी दोन्ही वाचून झाली होती. तर डोक्यात जे साचलंय ते इथं ओततो, जाणकारांनी भर घालावी.

तारखांची उलटापालट भरपूर आहे, ती मला फारशी खटकली नाही. उदा. थेटरातली ती सभा, जिथं गांधी म्हणतात माझा मृतदेह मिळेल पण आज्ञापालन मिळणार नाही. ही सभा जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधली, ११ सप्टेंबर १९०६. सिनेमात ती तिथल्या भारतीयांवर लादलेले नोंदणीचे परवाने जाळल्यानंतर येते. प्रत्यक्षात परवान्यांची होळी झाली ऑगस्ट १९०८ मध्ये, म्हणजे शपथ आधी आणि होळी नंतर. शिवाय त्याच भाषणात ख्रिस्ती पद्धतीचं सोडून बाकी लग्नं बेकायदा ठरवल्याचा मुद्दा घातलाय, तो तर १९१३ च्या सर्ल निकालातला आहे. सात वर्षांचा मामला एका भाषणात कोंबला. ठीके, सिनेमा आहे, १८९३ ते १९४८ अशी पंचावन्न वर्षं दाखवायची तर कोंबाकोंबी होणारच.

खटकलं ते वेगळंच. परवाने जाळतानाचा सीन आठवा, गांधी एकेक परवाना आगीत टाकतायत आणि गोरा पोलीस दंडुक्याने हाणतोय, पडतात, तरी हात पुढे. अंगावर काटा येतो. पण त्या होळीच्या वेळी गांधींना कुणी मारलं नव्हतं! हमीदिया मशिदीजवळ मोठी सभा झाली, मोठ्या कढईत दोन हजारांवर परवाने जमा केले, रॉकेल ओतलं, पेटवले. बस. गांधींना बेदम मार बसला होता तो आधी, १० फेब्रुवारी १९०८ ला, आणि मारणारा होता मीर आलम नावाचा पठाण, त्यांचाच जुना अशील. कारण काय, तर गांधींनी तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सशी तडजोड केली होती, स्वखुशीने नोंदणी करू म्हणून, आणि पठाणांना वाटलं यांनी आपल्याला विकलं. नोंदणीला जाताना रस्त्यातच गाठून ठोकलं. शुद्धीवर आल्यावर गांधींनी पहिलं काय सांगितलं तर या लोकांवर खटला भरू नका.

आणि कहर म्हणजे, गांधींनी स्वतः लिहिलंय, सहा महिन्यांनी होळीच्या सभेला तोच मीर आलम आला, मी तुम्हाला मारलं ही चूक झाली असं सगळ्यांसमोर म्हणाला आणि आपला जुना परवाना जाळायला दिला. आता मला सांगा, पटकथा लिहिणाऱ्याच्या हातात हे आयतं असताना त्याने हे सगळं गाळून गोऱ्या पोलिसाचा दंडुका का घातला असेल?

मग लक्षात आलं की हे एकदाच झालेलं नाहीये. १९३१ ची गोलमेज परिषद सिनेमात आहे. लंडन आहे, लँकेशायरचे गिरणी कामगार आहेत, पंतप्रधानांचं भाषण आहे. त्या टेबलाशी बाबासाहेब आंबेडकर नाहीत. अख्ख्या सिनेमात नाहीत. येरवड्याचं उपोषण नाही, पुणे करार नाही. टिळक नाहीत. सुभाषबाबू नाहीत. मीर आलम नाही. जिथं जिथं गांधींच्या समोर उभा राहणारा माणूस इंग्रज नाही, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, तिथं तिथं कात्री लागलीये. हे माझं म्हणणं. तारखेची चूक चालते, पण वाद घालणाराच काढून टाकला तर उरतो तो इतिहास का आरती?

बोला.

बारीक_अक्षर :

धागा छान. तो मीर आलमचा शेवट माहीत नव्हता, आभार.

तारखांच्या यादीत माझी एक भर. आगाखान पॅलेसमधला भाग बघा. लाइफ मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट येते, चरख्यापाशी बसलेल्या गांधींचे फोटो काढते, कस्तुरबांशी आणि मीराबेनशी गप्पा मारते, आणि मग बा आजारी पडून जातात. बा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, आगाखान पॅलेसमध्येच, ते बरोबर. पण बर्क-व्हाइटने तो चरख्याचा फोटो काढला १९४६ ला. म्हणजे बा जाऊन दोन वर्षं झाली होती. गंमत अशी की फोटो पुण्यातलाच आहे, त्यामुळे गाव बरोबर आणि साल चूक.

आणि ज्याचा मृत्यू तिथं त्याआधी झाला ते गांधींचे सचिव महादेवभाई देसाई, १५ ऑगस्ट १९४२, अटकेनंतर आठवड्याच्या आत. त्यांच्या जाण्याचा गांधींवर केवढा परिणाम झाला. पॅलेसच्या आवारात दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत, जाऊन बघा ज्यांनी बघितल्या नसतील त्यांनी.

मागचा_बाक :

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, आता पाकिस्तानला दिलेले ५५ कोटी कधी येतात बघतो 😄

रॉकेलचा_दिवा :

तिरका_डोळा, तुमचं निरीक्षण चांगलंय पण निष्कर्ष ओढूनताणून काढलाय असं वाटतं. सिनेमाच्या सुरुवातीलाच पाटी येते, की एका माणसाचं आयुष्य एका कथनात मावत नाही, प्रत्येक वर्षाला त्याचं वजन देता येत नाही, नोंदींच्या आत्म्याशी प्रामाणिक राहून माणसाच्या हृदयापर्यंत पोचायचा प्रयत्न करता येतो, अशा अर्थाची. एवढं स्वच्छ सांगितल्यावर तुम्ही हजेरीपट घेऊन बसणार, हा हजर का नाही तो हजर का नाही, तर कुठलाच चरित्रपट टिकणार नाही.

आणि "समोरचा इंग्रज नसला की कात्री" हे सरळ सरळ चूक आहे. चौरीचौरा आहे की सिनेमात, पोलिसांना जाळणारे भारतीयच. कलकत्त्याचे दंगे आहेत. ओम पुरीचा तो प्रसंग आहे, मी मुसलमानाचं पोर मारलं म्हणत रोटी फेकतो तो. आणि गोळी घालणारा तर पहिल्या पाच मिनिटात आहे. हे सगळे इंग्रज का?

जालियनवाला बागेबद्दल तर मी म्हणेन की इतक्या जबाबदारीने फार कमी सिनेमांनी काही दाखवलंय. १,६५० गोळ्या, अरुंद बोळामुळे बाहेर राहिलेल्या चिलखती गाड्या, सगळं नोंदींप्रमाणे. आणि नंतर डायरची चौकशी, त्यातली उत्तरं हंटर कमिटीपुढच्या त्याच्या जबानीवरच बेतलेली आहेत. गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का, यावर बहुतेक हो म्हणणारा डायर कुणा लेखकाने रचलेला नाही, तो तसंच बोलला होता.

अर्धा_चहा :

हंटर कमिटीचा विषय निघालाच आहे तर, डायरला तो मशीनगनचा प्रश्न विचारणारे होते सर चिमणलाल सेटलवाड, मुंबईचे वकील आणि त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. सिनेमात त्यांना नाव नाही, नुसता एक भारतीय वकील. हजेरीपटात आणखी एक गैरहजर, मांडून ठेवा.

तिरका_डोळा :

@रॉकेलचा_दिवा, चौरीचौरा आणि कलकत्त्याचा मुद्दा रास्त आहे, त्याने मला माझं म्हणणं जरा घासून घ्यावं लागतंय. पण बघा ना, चौरीचौऱ्याला काय आहे तर जमाव. कलकत्त्याला जमाव. ओम पुरीचा नहारी हे पात्र पटकथेने घडवलेलं, आणि तो येतो तो गांधींकडून प्रायश्चित्त घ्यायला. नथुराम येतो, गोळी घालतो, त्याच्या तोंडून बाजू ऐकवावी अशी माझी मुळीच मागणी नाही. मी म्हणतोय तो माणूस वेगळा, जो गांधींच्या समोर बसून, डोळ्यात डोळे घालून, मुद्द्याला मुद्दा लावून सांगतो की तुमचं चुकतंय. असा एकही भारतीय सिनेमात नाही. जमाव आहेत, भक्त आहेत, पश्चात्ताप झालेले आहेत. बरोबरीचा कोणी नाही.

एक अपवाद कस्तुरबांचा. संडास साफ करण्यावरून भांडण होतं तो सीन. आणि तोसुद्धा बघा, मूळ हकीकत 'सत्याचे प्रयोग'मध्ये आहे ती १८९८ च्या सुमाराची, डर्बनच्या घरातली. घरी कारकून राहायचे, त्यातला एक नवीन आलेला ख्रिस्ती, जन्माने पंचम म्हणजे अस्पृश्य, त्याच्या खोलीतलं मूत्रपात्र उचलायचं होतं. बा जिना उतरतायत, हातात भांडं, डोळे रडून लाल, आणि गांधींना त्याचंही समाधान नाही, त्यांना ते हसतमुखाने उचललेलं हवंय. मग ओरडले, हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं, फाटक अर्धं उघडलं. बा म्हणाल्या तुम्हाला लाज नाही का, मी इथं परक्या मुलखात कुठं जाऊ, तुमची बायको म्हणून तुमच्या लाथाबुक्क्या पण सहन करायच्या का, शोभा नका करू, फाटक लावा. गांधी लिहितात वरून ऐट ठेवली पण आतून शरमलो आणि फाटक लावलं.

सिनेमात हेच भांडण आश्रमात नेलंय, पाळीपाळीच्या संडास सफाईचं केलंय. त्यामुळे काय झालं, की कारकुनाची जात आणि धर्म, ज्याच्यावरून मूळ ठिणगी पडली, ती पुसट झाली. एरवी सीन उत्तम, हट्टंगडीबाईंचा तो चेहरा विसरता येत नाही. पण अस्पृश्यतेचा प्रश्न नवरा-बायकोच्या रुसव्यात विरघळला.

कोकणकडा२ :

+१ धागाकर्त्याला.

गोलमेजचं सांगायचं तर तिथं बाबासाहेब नसणं ही नुसती जागेअभावी झालेली काटछाट नाही हो. सिनेमाच्या त्या सीनमध्ये पंतप्रधान सांगतात की भारत एक नाही, अनेक भारत आहेत, हिंदूंचा, मुसलमानांचा, संस्थानिकांचा. प्रेक्षकाला काय वाटतं, की इंग्रज नेहमीप्रमाणे फोडा आणि झोडा करतोय. आता त्याच खोलीत बाबासाहेब दाखवले असते तर हा सरळ हिशोब बिघडला असता, कारण तिथं एक भारतीय माणूस उभा राहून सांगत होता की आमच्या वतीने गांधींनी बोलू नये, आम्ही बोलू. तो काही इंग्रजाचा माणूस नव्हता, महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलेला, काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करवणारा माणूस होता. सत्याग्रहच करत होता, आणि कुणाविरुद्ध?

त्याआधी १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईत मणिभवनात दोघांची पहिली भेट झाली. तोवर गांधींचा समज होता की आंबेडकर हे अस्पृश्यांबद्दल कळवळा असलेले कुणी ब्राह्मण असावेत, हे महादेवभाईंनी नोंदवून ठेवलंय. एवढा नाट्यमय प्रसंग, दोन माणसं, एक खोली. खर्च शून्य. तीन लाख लोक जमवून अंत्ययात्रा शूट केली, इथं दोन खुर्च्या पुरल्या असत्या.

रॉकेलचा_दिवा :

दोन खुर्च्या पुरल्या नसत्या, तोच तर प्रॉब्लेम आहे. तुम्ही बाबासाहेबांना दहा मिनिटं आणलं असतं तर पुणे करार आणावा लागतो. तो आणायचा तर इंग्रजांचा जातीय निवाडा समजवा, ऑगस्ट १९३२, स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय, राखीव जागा म्हणजे काय, ज्या अमेरिकन प्रेक्षकाला बनिया म्हणजे काय माहीत नाही त्याला. मग २० सप्टेंबरला उपोषण, २४ ला करार, २६ ला उपोषण सुटलं. अस्पृश्यांच्या राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आपल्याकडेच नव्वद वर्षांनी यावर डोकी फुटतायत आणि तुम्हाला ते पंधरा मिनिटात हवंय. अर्धवट दाखवलं असतं तर आज तुम्हीच धागा काढला असता की बाबासाहेबांना खलनायक केलं म्हणून. न दाखवणं जास्त प्रामाणिक.

कोकणकडा२ :

जिनांना दाखवलंच ना मग अर्धवट? तेव्हा कुठं गेला प्रामाणिकपणा?

बारीक_अक्षर :

कोकणकडा, जिनांचा मुद्दा मीही मांडणारच होते. अलेक पदमसींनी काम चोख केलंय पण पात्र पहिल्या फ्रेमपासून घुसमटलेलं, कपाळाला आठ्या. ज्या माणसाने १९१६ ला टिळकांबरोबर लखनौ करार घडवला, त्याच वर्षी टिळकांवरच्या राजद्रोहाच्या केसमध्ये हायकोर्टात उभा राहिला आणि ती केस जिंकली, जानेवारी १९१५ ला गांधी परतले तेव्हा मुंबईत गुर्जर सभेच्या सत्काराला अध्यक्ष होता, तो जिना सिनेमात नाहीच. त्यामुळे १९२० ला नागपूरला तो काँग्रेसमधून का निघाला हेही कळत नाही. एकदम १९४७ ला पाकिस्तान पाहिजे म्हणून हटून बसलेला माणूस.

आणि पंतप्रधानपदाचं. सिनेमात गांधी सगळ्यांसमोर जिनांना म्हणतात, तुम्ही पहिले पंतप्रधान व्हा, नेहरू-पटेल चकित होतात. हे असं घडलं नव्हतं. प्रस्ताव खरा आहे, पण तो गांधींनी एप्रिल १९४७ च्या सुरुवातीला माउंटबॅटनपुढे मांडला. काँग्रेसच्या नेत्यांनी तो उचलला नाही, आणि दहाबारा दिवसात गांधींनी माउंटबॅटनना कळवून टाकलं की मी माघार घेतो. म्हणजे खऱ्या इतिहासात गांधींना नकार मिळाला तो घरातून. सिनेमात तो जिनांच्या थंड चेहऱ्यावर ढकललाय. तिरका_डोळा यांच्या थिअरीत हे बसतं असं मला वाटतं.

मागचा_बाक :

टिळकांना का गाळलं पण? ते तर १९२० ला वारलेच, मग गांधींशी वाद कसला.

अर्धा_चहा :

मागचा_बाक, वाद होताच की, साधनशुचितेवरून दोघांची जाहीर पत्रापत्री झालेली आहे १९२० च्या सुरुवातीला. पण वाद सोडा, सिनेमात टिळक अगदी सहज येऊ शकले असते अशी जागा आहे आणि तीही सोडलीये, म्हणून सांगतो.

१८ मार्च १९२२, गांधींवरचा अहमदाबादचा राजद्रोहाचा खटला. सिनेमात ट्रेव्हर हॉवर्ड न्या. ब्रूमफील्ड आहे. सहा वर्षांची शिक्षा सुनावतो आणि म्हणतो सरकारने ही शिक्षा कमी केली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. हे खऱ्या निकालातलंच आहे. पण सहाच वर्षं का? कारण ब्रूमफील्डने निकालात स्वच्छ सांगितलं की याच कलमाखाली बारा वर्षांपूर्वी बाळ गंगाधर टिळकांना जी शिक्षा झाली तीच मी धरतोय, आणि तुम्हाला टिळकांच्या पंक्तीला बसवलं तर ते तुम्हाला गैर वाटणार नाही अशी आशा आहे. त्यावर गांधी उठून काय म्हणाले, की लोकमान्यांच्या नावाशी माझं नाव जोडलं जाणं हा मी माझा सगळ्यात मोठा मान समजतो. १२४ अ कलम, दोघंही पत्रकार, दोघंही सहा वर्षं. एक मंडालेला, एक येरवड्याला.

एवढं तयार वाक्य कोर्टाच्या नोंदीत पडलेलं असताना वापरलं नाही. इथं मला कात्री वगैरे वाटत नाही, सरळ आहे, टिळक कोण हे परदेशी प्रेक्षकाला सांगत बसायला नको म्हणून. पण परिणाम असा होतो की सिनेमातली स्वातंत्र्य चळवळ गांधी बोटीतून उतरल्यावर सुरू होते. गोखले दोन मिनिटं येतात, जा बाबा खरा भारत बघ म्हणतात आणि जातात.

येरवड्याहून ते दोनच वर्षात सुटले ते पण ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून, जानेवारी १९२४. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने केलं, आणि मध्येच वीज गेली होती. पुणेकरांना त्या खोलीचं अजून कौतुक असतं.

पाटी_पेन्सिल :

ऑपरेशन चालू असताना वीज जाणे ही पुण्याची जुनी परंपरा आहे तर.

मी सिनेमाच्या बाजूने बोलते जरा. मी आठवीत असताना शाळेने दाखवला होता आणि गांधी म्हणजे नोटेवरचा आणि सुट्टीचा माणूस एवढंच माहीत असलेल्या आम्हाला धारासणा हे नाव, तिथल्या मिठागरावरचा सत्याग्रह, त्या दिवशी कळलं. एक रांग पुढं जाते, लाठ्या बसतात, बायका उचलून नेतात, पुढची रांग येते. २१ मे १९३० ला हे असंच झालेलं आहे, ते पाहणारा वेब मिलर हा युनायटेड प्रेसचा पत्रकार होता, सिनेमात त्याच्या जागी वॉकर नावाचा काल्पनिक माणूस घातलाय. मिलरने दवाखान्यात ३२० जखमी मोजले आणि दोन मेलेले. मला सांगा मराठी पाठ्यपुस्तकात दांडीला एक परिच्छेद असतो, धारासण्याला किती ओळी? त्यामुळे सिनेमाने काय गाळलं हे मोजताना काय पोचवलं तेही मोजा.

फक्त एक तक्रार माझीही आहे. धारासण्याला गांधी आधीच अटकेत होते आणि पुढारी होत्या सरोजिनी नायडू. पडद्यावर बघून हे कुणाला कळेल का?

तिरका_डोळा :

@पाटी_पेन्सिल, पोचवलं हे १००% मान्य. आणि वॉकरबद्दल मला अजिबात तक्रार नाही. मिलरचा वॉकर केला, त्याला दक्षिण आफ्रिकेपासून आणून गांधींच्या मागे फिरवला, तरी धारासण्यात जे घडलं ते तसंच राहिलं. सी. एफ. अँड्र्यूज खरे तर जानेवारी १९१४ ला आफ्रिकेत पोचले, सिनेमात कितीतरी आधी येतात आणि ते गल्लीतल्या गुंडांच्या सीनमध्ये बरोबर असतात (त्या गुंडांमध्ये डॅनियल डे-लुईस आहे बरं का, पोरगेला, मला या वेळी ओळखू आला). काही बिघडत नाही. ज्या बदलाने माणसाचं नाव बदलतं पण घटनेचा अर्थ तोच राहतो तो बदल मला चालतो. मीर आलमच्या जागी पोलीस आला की अर्थच फिरतो, ते चालत नाही.

मागचा_बाक :

मला वाटतं उगाच खल चाललाय, सरळ आहे, सरकारी पैसा होता, एनएफडीसी म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचा, काँग्रेसचं सरकार, सिनेमा अर्पण केलाय नेहरू आणि माउंटबॅटनला, मग आंबेडकर आणि बोस कशाला दाखवतील? आणि ते ५५ कोटी

संपादक मंडळ :

शेवटचा प्रतिसाद अर्धा उडवला आहे. ५५ कोटी, 'हे राम' म्हणाले की नाही, आणि कोण कुणाचा वारस, यासाठी आधीचे चार धागे आहेत. इथे सिनेमापुरतं बोला.

कोकणकडा२ :

सरकारी पैशाची थिअरी मला पटत नाही मागचा_बाक. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मध्येही सरकारी पैसाच होता, केंद्राचाही आणि महाराष्ट्राचाही. त्यात पुणे करार आहे, आणि गांधी त्यात काही फार गोड दाखवलेले नाहीत. मोहन गोखलेंनी केलेत. ते गांधी बघताना किंग्जलेचे गांधी डोक्यातून पुसून टाकावे लागतात, बोलण्यात धार आहे, मिस्कीलपणा आहे, राजकारणी आहे तो माणूस. मामुटींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, योग्यच.

पण मी माझ्याच बाजूच्या सिनेमाबद्दलही बोलतो. तिथं उलटं होतं. येरवड्यात आंब्याच्या झाडाखाली खाटेवर पडलेले गांधी, आणि बाबासाहेबांवर चहूबाजूंनी दबाव, हे ताकदीने येतं, पण उपोषणाच्या त्या आठवड्यात गावोगावी देवळं आणि विहिरी खुल्या करायची जी लाट आली, भले ती ओसरली, ती त्या मानाने दुरूनच दिसते. म्हणजे ज्याचा सिनेमा त्याच्या समोरचा माणूस जरा कमी उजेडात, हे दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की पटेलांनी समोरच्याला निदान खोलीत घेतलं.

रॉकेलचा_दिवा :

हा प्रतिसाद आवडला. आणि हेही मान्य करतो की मोहन गोखलेंचे गांधी मला इतिहासाच्या जास्त जवळचे वाटतात. खरे गांधी प्रचंड चिवट वाटाघाट करणारे होते, बनियाच होते ना शेवटी, ते स्वतःच म्हणायचे. किंग्जलेचे गांधी वाटाघाट करत नाहीत, ते फक्त वाट बघतात आणि समोरचा विरघळतो.

तरी सरकारी दबावापेक्षा मला दुसरं कारण जास्त वाटतं. अ‍ॅटनबरो हा विसेक वर्षं या सिनेमामागे लागलेला माणूस होता, तो ज्या गोष्टीच्या प्रेमात होता ती गोष्ट होती साम्राज्य विरुद्ध एक पंचा नेसलेला माणूस. एका इंग्रजाने इंग्रजांच्या अपराधाबद्दल काढलेला सिनेमा आहे हा. त्या गोष्टीत पुणे कराराला जागाच नाही, कारण तिथं इंग्रज बाजूला उभा आहे आणि अपराध आपला आहे. तो सिनेमा आपणच काढायला हवा होता, अ‍ॅटनबरोकडून का अपेक्षा?

बारीक_अक्षर :

हे पटलं. आणि याच हिशोबाने जानेवारी १९४८ चं दिल्लीतलं शेवटचं उपोषण का नाही तेही उलगडतं. १३ ते १८ जानेवारी. कलकत्त्याचं दाखवलं, दिल्लीचं नाही. कलकत्त्याला दंगलखोर शस्त्रं आणून टाकतात, सीन पूर्ण होतो. दिल्लीचं उपोषण स्वतंत्र भारताच्या राजधानीत होतं, दडपण आपल्याच लोकांवर आणि आपल्याच सरकारवर होतं, आणि २० तारखेला प्रार्थनासभेत बॉम्ब फुटला. तो बॉम्बही नाही. त्यामुळे ३० जानेवारी सिनेमात आभाळातून पडल्यासारखी येते.

(संपादक, यात ५५ कोटी नाहीत, कृपया उडवू नये.)

संपादक मंडळ :

नाही उडवत.

पाटी_पेन्सिल :

कुणी भानू अथैयांचं नाव घेतलं नाही अजून. कोल्हापूरच्या. भारताचं पहिलं ऑस्कर याच सिनेमाच्या कपड्यांसाठी, जॉन मोलोबरोबर विभागून. अचूकता बघायची तर तिथं बघा. सूटबूट, मग काठेवाडी पागोटं-अंगरखा, मग टोपी, मग नुसता पंचा, १९२१ नंतरचा. पंचावन्न वर्षांचा प्रवास कपड्यातून कळतो, तोंडाने कुणी सांगावा लागत नाही.

तिरका_डोळा :

अथैयांबद्दल दुमत नाही. पागोट्यातले गांधी काही सेकंदच आहेत पण बरोबर आहेत.

@रॉकेलचा_दिवा, "तो सिनेमा आपणच काढायला हवा होता" यावर माझ्याकडे उत्तर नाही, खरंच आहे. पण मग मीर आलमचं काय? तिथं पुणे करारासारखं काही समजावून सांगायचं नव्हतं. एक पठाण मारतो, सहा महिन्यांनी तोच येऊन परवाना देतो. तीन मिनिटं. आणि नहारीचा जो प्रसंग पटकथेने रचला, चुकलेला माणूस येऊन पदरात पडतो, तेच तर इथं खरं घडलं होतं. रचायची गरजच नव्हती.

अर्धा_चहा :

त्यात अडचण होती ना. मीर आलमने मारलं ते गांधींनी तडजोड केली म्हणून, आणि स्मट्सने ती तडजोड पाळली नाही, नोंदणीसक्तीचा काळा कायदा रद्द केला नाही. म्हणजे निदान त्या वेळेपुरता पठाण बरोबर ठरला होता. हे दाखवायचं तर गांधी फसले हे दाखवावं लागलं असतं.

रॉकेलचा_दिवा :

हम्म. याला मात्र मी काही बोलत नाही.

मागचा_बाक :

पॉपकॉर्न संपले. दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहाचं ते पुस्तक मराठीत मिळतं का?

बारीक_अक्षर :

नवजीवनने मराठी अनुवाद काढलेला आहे, स्वस्त असतो. मीर आलमची हकीकत दोन ठिकाणी आहे, मारहाणीचं एक प्रकरण आणि होळीचं वेगळं, मध्ये बरीच पानं आहेत, सोडून देऊ नका.